सशाच्या लेंड्या रोज बघा
ठाणे, कल्याण-डोंबिवलीत फ्लॅटमध्ये ससा पाळणाऱ्यांनो, सकाळी आधी लेंड्या बघा. गोल, एकसारख्या, चुरल्या की आत गवताचे तंतू दिसणाऱ्या असतील तर पोट ठीक. बारीक झाल्या, केसांनी माळेसारख्या जोडल्या गेल्या, तर सावध व्हा. सशाला उलटी होत नाही. आतडी मंदावली की पोटात गॅस धरतो. 10-12 तास खाणं आणि लेंडी बंद म्हणजे इमर्जन्सीच, उद्यावर ढकलू नका! नुसत्या गाजर-काकडीवर ठेवलेले ससे पाहून जीव तुटतो. वाळलेलं गवत चोवीस तास समोर हवंच. पावसाळ्यात त्याला बुरशी लागते, तपासून घाला. ससे बघणारा डॉक्टर आजच शोधून ठेवा. परळच्या बैलघोडा हॉस्पिटललाही फोन करून वेळा विचारून घ्या.