पेरोव्हस्काइट दिवे : प्रश्न समतोलाचा

वऱ्हाडातील खेडोपाडी एलईडी दिवे आता परिचयाचे झाले आहेत. या दिव्यात तार तापून प्रकाश मिळत नाही. अर्धवाहक द्रव्यात एका बाजूने ऋणभारित इलेक्ट्रॉन येतात, दुसऱ्या बाजूने इलेक्ट्रॉनांच्या अभावी निर्माण झालेल्या धनभारित पोकळ्या येतात आणि त्यांच्या संयोगातून प्रकाश बाहेर पडतो. मात्र असे अर्धवाहक स्फटिक बनविण्यास उच्च तापमान व महाग यंत्रसामग्री लागते.

पेरोव्हस्काइट वर्गातील द्रव्यांचा पातळ थर द्रावणातून, कमी तापमानातही देता येतो. १८३९ साली उरल पर्वतात सापडलेल्या एका खनिजावरून या वर्गाला नाव मिळाले. दिव्यासाठी त्यातील शिसे व ब्रोमीन किंवा आयोडीन असलेली संयुगे वापरतात. २०१४ मध्ये केंब्रिज येथील संशोधकांनी सामान्य तापमानाला उजळणारा असा डायोड तयार केला. परंतु त्याची कार्यक्षमता एक टक्काही नव्हती.

उणीव केवळ प्रकाश देणाऱ्या थरात नव्हती; त्याच्या दोन्ही बाजूंच्या विद्युत्‌भार वाहून नेणाऱ्या थरांतही होती. कापसाच्या बाजारात एका फाटकातून गाड्यांची रीघ लागावी आणि काट्यावर मात्र मापारी अपुरे असावेत, तशीच ही अवस्था होय. इलेक्ट्रॉन अधिक व पोकळ्या कमी आल्या, तर उरलेला भार उष्णतेत वाया जातो आणि दिवाही लवकर निकामी होतो. २०१८ मध्ये चीनमधील संशोधकांनी हिरव्या डायोडात अॅक्रिलिक जातीच्या प्लॅस्टिकचा अतिशय पातळ, विद्युतरोधक थर घातला. अडथळा वाटणाऱ्या या थराने दोन्ही ओघांचा मेळ बसला आणि कार्यक्षमता वीस टक्क्यांवर गेली.

आता कसोटी टिकाऊपणाची आहे. उष्णतेने या द्रव्यातील आयन जागा सोडतात. ओलाव्यानेही ते बिघडते. उन्हाळ्यात ४५ अंशांपलीकडे तापणाऱ्या अकोल्यात आणि पावसाळ्यात भिजणाऱ्या मेळघाटात हे दोन्ही शत्रू हजर आहेत. शिवाय शिसे विषारी असल्याने निकामी दिव्यांची विल्हेवाट हाही विचाराचा विषय ठरेल. म्हणून ग्रामपंचायतींनी रस्त्यांसाठी तूर्त प्रचलित एलईडी दिवेच घेणे इष्ट.

या प्रदेशाला प्रकाशद्रव्यांचा अभ्यास नवा नाही. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात फॉस्फर द्रव्यांवर संशोधन झाले आहे. शिक्षकांनी ही माहिती वर्गात सांगितल्यास, वऱ्हाडच्या उन्हात टिकणारा थर शोधण्याची जिज्ञासा येथील विद्यार्थ्यांतही जागी होईल.