खुबा जुळला, पोटरीचं काय?

आजी मोरीत घसरून पडते, खुब्याचं हाड मोडतं आणि सारं घर हाडामागे धावतं. बॉल बदलायचा की रॉड टाकायचा, खर्च किती, मेडिक्लेम मिळेल का? पोटरीबद्दल विचारणारं कोणी नसतं.

पायातलं रक्त हृदयाकडे चढवायला पोटरीचे स्नायू पंपासारखे राबतात. चालणं थांबलं की पंप मंदावतो आणि रक्त खोल शिरांमध्ये रेंगाळतं. त्यात हाड मोडल्यामुळे, पुढे शस्त्रक्रियेमुळेही, रक्त लवकर गोठू लागतं. अशी गुठळी धरते. ती सुटून फुफ्फुसात अडकली तर माणूस हातचा जाऊ शकतो. हा धोका ऑपरेशनपासून नव्हे, पडल्या क्षणापासून सुरू होतो. म्हणून शक्यतो दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया, आणि दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करणं. ‘म्हाताऱ्या जिवाला हलवू नका’ ही आपली माया इथे घात करते.

1959 साली बर्मिंगहॅमच्या सेव्हिट आणि गॅलाघर यांनी खुबा मोडलेल्या 300 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना रक्त पातळ करणारं फेनिन्डायोन दिलं होतं. त्यांच्यात गुठळ्या कितीतरी कमी झाल्या. आज बहुधा पोटावर टोचायचं एनॉक्सापॅरिन देतात. त्याचा डोस मूत्रपिंडं तपासून ठरवावा लागतो. ती थकलेली असतील तर औषध अंगात साठतं आणि रक्तस्राव होऊ शकतो. ॲस्पिरिनची गोळी स्वस्त, म्हणून तिच्याबद्दल विचारणा होते. 2023च्या 12,211 रुग्णांच्या अभ्यासात मृत्यू टाळण्यात ती इंजेक्शनपेक्षा कमी ठरली नाही. मात्र त्या रुग्णांचं सरासरी वय 45च्या आसपास होतं. ऐंशीच्या आजीला तो निकाल जसाच्या तसा लावणं मला पटत नाही. तिचं औषध तिच्या डॉक्टरांनीच ठरवावं.

खरी निसटती जागा म्हणजे डिस्चार्ज. धोका कित्येक आठवडे टिकतो, म्हणून औषध साधारण 28 ते 35 दिवस चालवायचा सल्ला दिला जातो. घरी मात्र टोचणारं कोणी नाही म्हणून ते चौथ्या दिवशीच थांबतं. सुई लहान असते, नर्सकडून सून किंवा नातू सहज शिकू शकतो. एक पाय सुजला, पोटरी दुखू लागली तर तेल लावून चोळू नका, डॉक्टरांना दाखवा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट रुग्णालय गाठा. आणि डिस्चार्ज कार्ड हातात घेतानाच विचारून घ्या : शेवटचा डोस कोणत्या तारखेला?