सीटखालची स्प्रिंग आणि मंडीदीपचा रस्ता

मंडीदीप हे रायसेन जिल्ह्यातले, भोपाळच्या दक्षिणेला वीस-बावीस किलोमीटरवर, राष्ट्रीय महामार्ग ४६ लगत वसलेले औद्योगिक नगर असून, ग्रॅफाइटच्या इलेक्ट्रोडांपासून औषधांपर्यंत नाना प्रकारचा माल तेथील कारखान्यांतून बाहेर पडत असल्यामुळे अवजड ट्रकांची वर्दळ तिथल्या रस्त्यांना रोजचीच आहे. त्यात या भागातली बरीचशी जमीन काळी. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटून भेगाळते, आणि तिच्यावर बांधलेल्या रस्त्याचा पायाच वर्षातून दोनदा हलतो. डांबरावर उठणाऱ्या लाटा, खचलेल्या कडा आणि उखडलेली खडी यांचे मूळ बऱ्याच अंशी या दोन गोष्टींच्या संगनमतात असते. पाळीला जाणारा कामगार असो, की भोपाळहून भीमबेटकाच्या चित्रगुहांकडे निघालेला हौशी सायकलस्वार असो, या रस्त्याचा हिशेब दोघांनाही कमरेने चुकता करावा लागतो.

कामगाराच्या काळ्या, उंच, दणकट सायकलीने यावर फार पूर्वीच एक तोड काढलेली आहे. तिच्या रुंद सीटच्या मागच्या अंगाला दोन जाडजूड वेटोळ्या स्प्रिंगा असतात आणि बसणाऱ्याचा मुख्य भार त्यांच्यावरच येतो. ही रचना इंग्लंडातून आली. बर्मिंगहॅमच्या ब्रूक्स कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चामडी सीट बनवायला सुरुवात केली, तेव्हा हवेचा टायरही रुळलेला नव्हता. डनलॉपचा तो टायर १८८८ सालचा. पुढे अ‍ॅटलस (१९५१) आणि हीरो (१९५६) यांसारख्या कारखान्यांनी हीच घडण भारतभर पोहोचवली. नव्या गिअरच्या सायकलींनी मात्र वजन कमी करण्याच्या नादात सीट अरुंद केली, स्प्रिंगा काढून टाकल्या आणि फ्रेम ताठ केली, त्यामुळे रस्त्याचा प्रत्येक दचका सरळ पाठीच्या कण्यापर्यंत जाऊ लागला. सस्पेन्शन सीटपोस्ट, म्हणजे सीटला आधार देणाऱ्या दांड्यातच बसवलेली स्प्रिंग, ही त्या काढून टाकलेल्या सोयीची दुरुस्त आवृत्ती होय.

ही स्प्रिंग नेमके काय करते हे समजण्यासाठी वारंवारता, म्हणजे एका सेकंदात होणाऱ्या हेलकाव्यांची संख्या, लक्षात घ्यावी लागते. तिचे एकक हर्ट्झ. बसलेल्या माणसाचे धड साधारण ४ ते ८ हर्ट्झच्या उभ्या कंपनांना सर्वाधिक दाद देते, म्हणून या टप्प्यातले हादरे सर्वांत जास्त त्रासदायक ठरतात. ताशी १८ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल सेकंदाला पाच मीटर अंतर तोडते. तेव्हा रस्त्यावर वीस-वीस सेंटिमीटरवर उंचवटे असतील तर सेकंदाला २५ हादरे बसतात आणि एकेक मीटरवर लाटा असतील तर ५. आता सीटवर बसताच स्प्रिंग १५ मिलिमीटर दबत असेल, तर त्या स्प्रिंगेचा आपला स्वाभाविक हेलकावा सुमारे ४ हर्ट्झचा येतो, आणि भौतिकशास्त्राच्या नियमानुसार त्याच्या साधारण १.४ पटीहून, म्हणजे जवळपास ६ हर्ट्झहून जलद असलेले हादरेच ती कमी करू शकते. २५ हर्ट्झची खरखर त्यामुळे बरीचशी विरते; ५ हर्ट्झच्या लाटा मात्र विरत नाहीत, उलट थोड्या वाढूही शकतात. स्प्रिंग इतकी कडक असेल की बसल्यावर ती जेमतेम ५ मिलिमीटर दबते, तर तिचा उपयोग १० हर्ट्झच्या पुढेच सुरू होतो, आणि कमरेला सर्वांत नकोसा असलेला पट्टा तसाच राहतो. म्हणूनच चालीच्या, म्हणजे दांडा एकूण जितका दबू शकतो त्या अंतराच्या, पाचव्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत दांडा नुसत्या बसण्याने दबला पाहिजे, हा सामान्यतः दिला जाणारा सल्ला पाळण्याजोगा आहे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. दांड्याच्या बुडाशी असलेला स्क्रू आवळला की स्प्रिंग कडक झाली, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्या स्क्रूने प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगेला बसण्याआधीच दिलेला दाब, तेवढा बदलतो आणि दांडा किती वजनाला हलू लागेल एवढेच ठरते, स्प्रिंगेचा मूळ ताठपणा तसाच राहतो. पन्नास किलोच्या आणि नव्वद किलोच्या माणसाला एकाच स्प्रिंगेवर सुख मिळत नाही. वजनाप्रमाणे स्प्रिंग किंवा तिच्या जागी असणारा रबरासारखा इलॅस्टोमरचा ठोकळा बदलावा लागतो, आणि तो बदलून मिळतो की नाही हे खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे.

दांड्यांचे ढोबळ प्रकार दोन. पहिल्यात एक नळी दुसऱ्या नळीत वर-खाली सरकते. हा स्वस्त असतो, पण सीटची नळी मागे कललेली आणि माणसाचे वजन मात्र सरळ खाली, त्यामुळे आतली नळी बाहेरच्या नळीच्या भिंतीवर रेलून घासते, लहान हादऱ्यांना जागची हलतच नाही, आणि काही महिन्यांत तिच्यात खेळ येऊन सीट डावी-उजवी डुलू लागते. पावसाळ्यातला चिखल हे काम आणखी लवकर उरकतो. दुसऱ्या प्रकारात चार सांध्यांचा समांतरभुज चौकोन असतो. धक्का बसला की सीट खाली जाता जाता थोडी मागेही झुलते, त्यामुळे पायडलपासूनचे अंतर फारसे बदलत नाही, पाय मारण्याची लय टिकते आणि सांध्यांतले घर्षण कमी असल्याने बारीक खरखरही गाळली जाते. किंमत आणि वजन दोन्ही जास्त असले तरी मंडीदीपसारख्या रस्त्यावर हाच प्रकार घेण्यालायक आहे.

बसवताना मापाची काटेकोर काळजी घ्यावी लागते. आजच्या पुष्कळ सायकलींत दांड्याचा व्यास २७.२ मिलिमीटर असतो, काहींत ३०.९ किंवा ३१.६, जुन्या पोलादी सायकलींची नळी बहुधा याहून अरुंद असते. दांडा बारीक असेल तर शिम, म्हणजे मधली धातूची पातळ नळी, घालून चालते. जाड असेल तर काहीच चालत नाही. दांड्यावर किमान खोलीची रेघ कोरलेली असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये. बसल्यावर दांडा दबणार, म्हणून सीट नेहमीपेक्षा तेवढीच उंच बांधावी, अन्यथा गुडघे दुखू लागतात. बुटक्या माणसाची अडचण निराळीच असते. सांध्यांच्या यंत्रणेलाच बरीच उंची लागते आणि सीट पुरेशी खाली येतच नाही.

दांडा हातांसाठी काहीच करत नाही, हेही खरेदीआधी ध्यानात ठेवावे. हँडलमधून येणारे हादरे मनगटांना पूर्वीसारखेच बसतात, आणि मोठा खड्डा किंवा गतिरोधक दिसला की सीटवरून किंचित उठण्याला पर्याय नाही. त्यामुळे पैसे खर्च करण्याआधी फ्रेममध्ये मावेल तेवढा रुंद टायर घालून त्यातली हवा वजनाला पेलेल इतपत कमी करून पाहावी, कारण तो उपाय हात आणि कंबर दोन्हींना लागू पडतो. तेवढ्याने कंबर शांत झाली तर दांड्याची गरज नाही. झाली नाही, तर समांतरभुज चौकोनाचा दांडा आपल्या वजनाची स्प्रिंग असलेलाच घ्यावा, आणि खेळ आलेली स्वस्त नळी सायकलीला लावण्यापेक्षा मूळचा साधा दांडा राहू द्यावा.