बंद करण्याआधीची आवराआवर

ऑगस्ट २००३. विंडोज एक्सपी चालवणाऱ्या जगभरच्या संगणकांवर अचानक एक चौकट उमटू लागली. काम जतन करा, साठ सेकंदांत संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होणार आहे. ५९, ५८, ५७... 'ब्लास्टर' नावाचा वर्म इंटरनेटवरून आत शिरताना विंडोजची एक मूलभूत सेवा कोलमडवत असे आणि ही उलटी मोजणी सुरू होई. दुरुस्तीची फाईल उतरवून घ्यायला मिनिटभर पुरणार कसं? पडद्यावर 'रद्द करा' असं बटणही नव्हतं.

तोडगा मात्र होता. 'रन'च्या चौकटीत 'शटडाऊन' लिहायचं, जागा सोडून एक आडवी रेघ, तिला चिकटून इंग्रजी 'ए' अक्षर आणि एंटर. मोजणी जागच्या जागी थांबे. 'ए' म्हणजे अबॉर्ट. कमांड कशाशी खातात हे ज्यांना ठाऊक नव्हतं, अशा अनेकांनी आयुष्यातली पहिली कमांड लिहिली ती बहुधा अशी घायकुतीला येऊन.

याच शब्दापुढे 'एस' लावलं तर संगणक बंद होतो, 'आर' लावलं तर बंद होऊन पुन्हा उठतो. घरातून निघताना आपण 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो ना, तसा हा 'आर'. 'टी'पुढे सेकंद लिहिले तर तेवढा वेळ थांबतो. आजच्या विंडोजमध्ये ही मुदत ३१,५३,६०,००० सेकंदांपर्यंत, म्हणजे दहा वर्षांपर्यंत देता येते. ती कुणाच्या उपयोगाची, हे मायक्रोसॉफ्टलाच ठाऊक.

पण सरळ वीजच का तोडू नये? उत्तर दुकानदाराच्या वहीत आहे. गिऱ्हाईक समोर असताना तो कच्च्या वहीत भराभर टिपतो आणि सवडीने खतावणीत उतरवतो. संगणकही फाईल लगेच डिस्कवर लिहीत नाही. डिस्क संथ, मेमरी वेगवान. म्हणून बदल आधी मेमरीत साठतात. लिनक्समध्ये ते सर्वसाधारणपणे ३० सेकंदांपर्यंत तिथे राहू शकतात. आणि मेमरीची कच्ची वही अशी, की वीज गेली की पानं कोरी. नव्या फाईल-व्यवस्था स्वतःची रोजनिशी ठेवतात, त्यामुळे वीज गेली तरी डिस्कची घडी सहसा विस्कटत नाही. पण न उतरलेली नोंद ती कुठून आणणार? भारनियमनाच्या दिवसांत यूपीएसची किंचाळी ऐकून 'सेव्ह'कडे धावलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

खतावणी ताबडतोब लिहून घेण्यासाठी युनिक्समध्ये 'सिंक' ही कमांड आहे. जुने ऑपरेटर यंत्र थांबवण्याआधी ती तीनदा लिहीत, तीही वेगवेगळ्या ओळींवर. मंत्र वाटावा असा हा प्रकार, पण त्यात तथ्य होतं. 'सिंक' काम सुरू करून लगेच परत येई. पुढच्या दोन ओळी टंकण्यात जाणारा वेळ डिस्कला मिळे.

आता ही आवराआवर 'शटडाऊन' स्वतःच करते. आजच्या बहुतेक लिनक्स यंत्रांवर वेळ न सांगता ती दिली, तर आधी एक मिनिट मिळतं. यंत्रावर काम करत असलेल्या प्रत्येकाच्या टर्मिनलवर सूचना झळकते. मग चालू प्रोग्रामांना १५ क्रमांकाचा संदेश जातो: आवरा. फाईल मिटा, जोडण्या सोडा, निघा. ऐकून न ऐकल्यासारखं करणाऱ्यांना सहसा ९० सेकंदांची सवलत असते. त्यानंतर ९ क्रमांकाचा संदेश येतो आणि तो नाकारण्याची सोय कुठल्याही प्रोग्रामला नाही. शेवटी डिस्क सोडवल्या जातात आणि गाभा, म्हणजे कर्नेल, वीज तोडायला सांगतो.

या शेवटच्या पायरीवर एक गंमत दडली आहे. चुकून यंत्र बंद पडू नये म्हणून कर्नेल आधी दोन ठरावीक आकडे मागतो. पहिला इंग्रजी अक्षरांत 'फील डेड' असा वाचता येतो. दुसरा ६७२२७४७९३. तो सोळाच्या पायावर मांडला की २८१२१९६९ दिसतो: २८ डिसेंबर १९६९, लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सची जन्मतारीख. त्याऐवजी चालणारे आणखी तीन आकडे आहेत, त्यांत त्याच्या तीन मुलींच्या जन्मतारखा.

विंडोजने मात्र २०१२ पासून एक चकवा ठेवला आहे. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल, तर मेनूतलं 'शट डाऊन' गाभ्याची स्थिती डिस्कवर ठेवून झोपी जातं आणि सकाळी तीच उचलतं. कालचा बिघाडही तिच्यासोबत उठतो. 'रीस्टार्ट' खरोखर कोरी सुरुवात करतं, आणि 'एस' लावलेली कमांडही पूर्ण बंद करते.

सर्व्हर शेकडो मैलांवर असला की भीती वेगळी. 'आर'ऐवजी चुकून 'एच', म्हणजे लिनक्समधलं 'बंद हो', लिहिलं गेलं, तर बंद यंत्राला कुठली कमांड ऐकू जाणार? शिवाय खिडक्या अनेक उघड्या असतात. आपण नेमक्या कुठल्या यंत्रावर आहोत याचाच विसर पडतो. संगणकविश्वातली आख्यायिका सांगते, की आयबीएम ४३४१ यंत्राचं मोठं लाल बटण एका प्रोग्रामरच्या मॉली नावाच्या चिमुरडीने एकाच दिवशी दोनदा ओढलं, तेव्हा त्यावर पारदर्शक झाकण बसवावं लागलं. डेबियन लिनक्समध्ये 'मॉली-गार्ड' नावाचं पॅकेज आहे ते तिच्यावरूनच. दुरून जोडलेल्या माणसाने 'शटडाऊन' लिहिलं की ते त्या यंत्राचं नाव विचारतं. नाव चुकलं, तर यंत्र चालूच राहतं.