गोड्या पाण्यात ऊन, खाऱ्या पाण्यात तिथी
तापीकाठ : लेखांक १४

मागच्या आठवड्यात आपण सुलवाड्याच्या बॅरेजपाशी थांबलो होतो. पावसाळाभर उघडे असलेले दरवाजे परतीचा पाऊस सरला की खाली येतात आणि वाहती तापी साठायला लागते. शेतकऱ्याच्या लेखी ती रब्बीची सोय. सावळद्याच्या किंवा गिधाड्याच्या पुलावर नाहीतर काठच्या खडकावर गळ घेऊन बसणाऱ्याच्या लेखी मात्र तो हंगामाचा आरंभ, आणि हा हंगाम फार टिकत नाही. कोजागिरीच्या सुमारास पिशवी भरून घरी जाणारा माणूस दत्तजयंतीला, म्हणजे सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो तेव्हा, रिकाम्या हाताने परततो. पाणी तेच आणि गळही तोच, मग मासा गेला कुठे? जुनी माणसं एका वाक्यात उत्तर देतात : "थंडी पडनी का मासा खाले बठी जास."

उत्तर बरोबर आहे. पण तो खाली का बसतो आणि खाली बसलेला मासा धरायचा कसा, हे त्यात येत नाही. आज तेच पाहू. शेवटी याच नदीच्या दुसऱ्या टोकाला, सुरतेच्या खाऱ्या पाण्यातही डोकावू. शिंदखेडा-दोंडाईचा पट्ट्यातली किती घरं आज उधना आणि लिंबायतमध्ये नांदतात हे वाचकांना सांगायला नको. गळाचा नाद असलेला त्यांच्यातला एखादा तिथल्या खाडीवर गेला की पहिल्यांदा हटकून फसतो, कारण तिथला नियमच वेगळा आहे.

आधी आपलं पाणी. मासा शीतरक्ती. त्याच्या अंगाचं तापमान बाहेरच्या पाण्याएवढंच असतं. पाणी दहा अंशांनी उतरलं की त्याच्या शरीरातले व्यवहार ढोबळमानाने निम्म्यावर येतात. हालचाल कमी, पचन कमी, म्हणून भूकही कमी. अंगातली चूलच मंद झाल्यावर सरपण कोण मागेल? पुष्कळांना वाटतं की थंडीत मासा गुदमरतो. उलट आहे. तीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, वीस अंशांच्या पाण्यात नऊच्या वर. श्वासाची चंगळ असते, इच्छाच नसते.

धुळ्यात पारा पाच-सहा अंशांवर आल्याची बातमी वाचून कुणी बॅरेजचं पाणीही तेवढंच गार झालं असं समजू नये. ती हवा असते. पाणी हळू तापतं आणि हळूच निवतं. डिसेंबरच्या पहाटे नदीवर वाफ दिसते ती यामुळेच. पाणी हवेपेक्षा बरंच कोमट असतं आणि त्यातून उठलेलं बाष्प गार हवेत लगेच बारीक थेंब होऊन धुक्यासारखं दिसतं. मात्र रोज रात्री थोडं थोडं करत ते उतरत जातं. रोहू, कटला, मृगळ ही बीज सोडून वाढवलेली मंडळी पंचवीस ते तीस अंशांत सुखात असतात. विशीच्या आसपास त्यांचं खाणं आखडतं. तिलापिया, म्हणजे आपल्याकडची चिलापी, तर अस्सल उन्हाळी जीव. सोळाच्या खाली ती खाणं जवळजवळ सोडते आणि दहा-अकराला जीवच सोडते.

आता खरी गंमत, आणि ती माशाच्या पोटात आहे. रोहूला आपल्यासारखं जठरच नसतं. असतं ते शरीराच्या कितीतरी पट लांबीचं आतडं. शेवाळ, कुजका पाला, बारीकसारीक खाऊन ते सतत पुढे ढकलत राहणं हा त्याचा दिवसभराचा उद्योग. साठवून ठेवायची सोय नाही, म्हणून गरम पाण्यात तो अखंड चरतो आणि गार पाण्यात चरणं फार कमी करतो. शिंगाळ्याचं तसं नाही. त्याला जठर आहे. एक बऱ्यापैकी मासोळी गिळली की थंडीत त्याचा बराच काळ त्यावर निघतो. त्यामुळे रोहूचा गळवाला थंडीत दिवसभर थोडं थोडं मिळेल या आशेवर बसतो, तर शिंगाळ्याचा गळवाला एकाच झटक्याची वाट पाहतो. तो झटका येतो तोही बहुधा अंधार पडल्यावर, कारण शिंगाळा रात्रीचा फिरस्ता. वामही रात्रीचीच. मरळ हवेतून श्वास घेऊ शकते, उथळ आणि गवताळ पाण्यात रमते, पण थंडीत चिखलाच्या नाहीतर पाणवनस्पतींच्या आसऱ्याला जाते आणि तिचा वर येऊन तोंड उघडण्याचा तो प्रसिद्ध आवाज कमी होतो.

आमिषाचीही फेरतपासणी करावी लागते. आपल्याकडे कणकेत ढेप मळून गोळा करायची पद्धत आहे आणि ऑक्टोबरात ती उत्तम चालते. ढेपेतलं तेल पाण्यात पसरतं, वास दूर जातो, मासा शोधत येतो. थंड पाण्यात तेल घट्ट होतं आणि वासही सावकाश पसरतो. तोच लिंबाएवढा गोळा आता तळाशी नुसता पडून राहतो. म्हणून थंडीत गोळा वाटाण्याएवढा करा, ढेप कमी करा, जमल्यास गांडूळ लावा. ते हलतं, आणि आळसावलेल्या माशाला जे नाकापुढे हलतं तेच खावंसं वाटतं.

दुसरी अडचण पाणी निवळण्याची. गाळ बसतो, तळाचा खडक दिसू लागतो, आणि जिथे आपल्याला खडक दिसतो तिथे माशाला आपली जाड नायलॉन दोरी दिसते. पुन्हा तोंड लावण्याची पद्धत बदललेली. ऑक्टोबरातला रोहू तरंगा सरळ पाण्याखाली नेतो. डिसेंबरातला रोहू गोळा ओठात घेतो, जागच्या जागी चाखतो आणि थुंकतो. तेवढ्यात तरंगा बुडत नाही. केसभर वर उचलला जातो किंवा किंचित कलतो, आणि नीट पाहत नसाल तर वाऱ्याची लाट म्हणून सोडून देता. बाटलीच्या बुचाचा ढब्बू तरंगा ही हालचाल दाखवतच नाही. मोरपिसाची काडी दाखवते, तीही शिशाचा मणी असा तोलून लावला असेल की टोकाचं बोटभरच पेर पाण्याबाहेर राहील. थंडीत मासा लागत नाही म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांना तो लागलेला असतो, कळलेला नसतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

जागेचं गणित आमच्या काठावर थोडं अन्यायाचं आहे. तापी इथे पूर्वेकडून पश्चिमेला जाते. शिंदखेडा दक्षिण काठाला, शिरपूर उत्तर काठाला. डिसेंबरअखेर आपल्या अक्षांशावर सूर्य भर दुपारीसुद्धा माथ्यावर येत नाही, दक्षिणेकडे साधारण ४५ अंशांवर असतो. तापीचे काठ गाळाचे, उंच, घळींनी चिरलेले. दक्षिणेकडच्या उंच दरडीची सावली आपल्याच पायाखालच्या पाण्यावर पडते, दुपारी दरडीच्या उंचीइतकी लांब आणि सकाळी त्याहून मोठी. समोरच्या शिरपूरकडच्या उथळ, काळ्या खडकावर मात्र सूर्य दिवसभर तळपतो. काळा खडक तापतो, त्याला लागून असलेलं पाणी एक-दोन अंशांनी वर चढतं, आणि थंडीतल्या माशाला एक-दोन अंश पुष्कळ झाले. शिरपूरकरांचं नशीब म्हणून आपण जे बोटं मोडतो ते एवढंच आहे. उपाय सोपा आहे : सकाळी सहाला उठून कुडकुडण्याचं पुण्य जोडू नका. ऑक्टोबरात पहाट आणि संध्याकाळ चांगली, थंडीत दुपारी बारा ते चार. दरडीपासून दूर, पुलाच्या खांबांजवळ बसायला मिळालं तर उत्तम. खांबावर शेवाळ धरतं, पाण्याची ओढ तुटते आणि रोहू तिथे घुटमळतो. बॅरेजचं पाणी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेच्या ठेक्यात असतं, तेव्हा भोई बांधवांना विचारून बसावं. दरवाजांच्या लगत खालच्या बाजूला मात्र कुणीही, कधीही बसू नये. वरून आवर्तन सुटलं की पाणी विचारून येत नाही.

एवढं पाठ करून आपला माणूस सुरतेला जातो. शिंदखेड्याला गाडीत बसला की नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली करत उधन्याला उतरतो. लोहमार्ग बराचसा नदीच्याच वाटेने जातो. मुलताईला उगवलेली, ७२४ किलोमीटर चाललेली तापी तिथे डुमसजवळ समुद्राला मिळते. तो जानेवारीच्या रविवारी, निवांत दुपारी बारा वाजता, ऊन बघून खाडीच्या धक्क्यावर जातो आणि पाहतो तर काय, समोर पाणीच नाही! चिखल पसरलेला, त्यावर निवट्या टुणटुणतायत आणि होड्या कुशीवर लवंडलेल्या.

खाऱ्या पाण्यात थंडीचा जोर कमी असतो. कोकण किनाऱ्याजवळ समुद्राचं तापमान ऑक्टोबरात २९ अंशांच्या आसपास, जानेवारीत त्याहून थोडंच कमी. एवढ्या फरकाने समुद्रातला मासा जेवण सोडत नाही. उलट पावसाळ्याचा गढूळ, गोडा लोंढा ओसरलेला असतो, सकाळचे मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात, लाट पडते, कोकणातलं पाणी निवळतं. रत्नागिरी, मालवणकडे धक्क्यावरून गरवायला बसणाऱ्यांचे हे चांगले दिवस. तांबोशी, पालू, गोबरा, खाडीच्या तोंडाला जिताडा. धक्क्याच्या खांबांना कालवं चिकटतात, त्यात खेकडे लपतात, खेकड्यांसाठी मोठा मासा येतो. आपल्या पुलाच्या खांबाचंच गणित, फक्त शेवाळाच्या जागी कालवं. आमिषही पिठाचं नव्हे. कोळंबी, तारली किंवा जिवंत बोय.

तिथे घड्याळ चालवतो चंद्र. भरती-ओहोटीचा एक फेरा सुमारे १२ तास २५ मिनिटांचा, म्हणून भरतीची वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर हिशेब तोंडी करतात : तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास, आणि ती उधाणाची, म्हणजे मोठी. अष्टमीच्या सुमाराची भांगाची, म्हणजे लहान. दत्तजयंती पौर्णिमेला, म्हणून आपल्याकडे सारंगखेड्याची यात्रा भरते तेव्हा कोकणात भर दुपारी धक्क्याला उधाण लागलेलं असतं. सुरतेला हा हिशेब जसाच्या तसा लावू नका. खंभातच्या आखातात पाणी निमुळत्या जागेत कोंडत आत शिरतं, वेळा मागे-पुढे होतात, आणि चढ-उतार तर अफाट. मुंबईला उधाणात चार-पाच मीटर, आखाताच्या आत भावनगरकडे दहाच्याही वर. एवढ्या ओढीत आपला शिशाचा मणी टिकत नाही आणि माणूस घसरला तर तोही टिकत नाही. पाणी फिरण्याची वेळ, म्हणजे ओहोटी संपून भरती लागते तो आणि भरती पूर्ण होऊन ओढ मंदावते तो काळ, हा खाऱ्या पाण्यातला दुपारचा बारा ते चार. तो पहाटे तीनला आला तर पहाटे तीनला उठायचं. ऊन पाहून उपयोग नाही.

ही दोन पाणी एकेकाळी एकमेकांना जोडलेली होती, हे मला या लेखांकात सगळ्यांत जास्त सांगायचं आहे. काही माशांचं आयुष्यच दोन्हींवर चालतं. पाला मासा समुद्रात वाढतो आणि पावसाळ्यात अंडी घालायला नदीत चढतो. अहीर नेमका उलटा : नदीत वाढतो, अंडी घालायला खोल समुद्रात जातो आणि त्याची काडीएवढी पिल्लं पुन्हा नदीची वाट धरतात. मोठ्या झिंग्यालाही पिल्लं जगवायला खाडीचं मचूळ पाणी लागतं. १९५० च्या दशकात काकरापारचा बंधारा आला, १९७२ मध्ये उकाई धरण झालं, १९९० च्या दशकात सुरत शहरातच सिंगणपोरचा कॉजवे बांधला गेला आणि भरतीचं खारं पाणी तिथेच अडलं. वरच्या अंगाला आपल्याकडे प्रकाशा, सारंगखेडा, सुलवाडे. प्रत्येक बांधाला कारण होतं. पिण्याचं पाणी, शेती, सुरतेचा पूर. ते मी नाकारत नाही, बॅरेजचं पाणी पिऊनच हे लिहितो आहे. पण यांतल्या एकाही बांधाला मासा चढेल अशी चालती वाट ठेवण्याचा विचार कुणी मनावर घेतला नाही, आणि मत्स्यबीज सोडलं की नदीचं देणं फिटलं असं आपण धरून चाललो. बीज रोहू-कटल्याचं सोडता येतं. अहिराचं सोडता येत नाही, कारण तो तळ्यात जन्मतच नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. मुडावदपासून प्रकाशापर्यंतच्या तापीकाठच्या ज्या गावांत सत्तरीच्या पुढची भोई मंडळी, नावाडी किंवा गळाचे जुने नादी असतील, त्यांना उकाईच्या आधी नदीत अहीर किंवा पाला धरल्याचं आठवतं का, ते विचारा. गाव, साधारण साल, महिना आणि मासा किती लांब होता एवढं लिहून या सदराच्या पत्त्यावर पाठवा. अहिराणीत लिहिलंत तरी चालेल. आलेली माहिती पुढच्या महिन्यात इथेच छापू. पुढच्या आठवड्यात : मुडावदला पांझरा तापीला मिळते तिथल्या वाळूची गोष्ट.