चेहरा नको, पत्ता विचारा

टीव्हीचा एखादा मोडका पॉवर सप्लाय उघडून पाहिला, तर दोन पायांवर उभ्या असलेल्या दोन-तीन चपट्या चकत्या हमखास दिसतात. व्यास सेंटिमीटरभर, अंगावर चकचकीत लेप. बहुधा निळा, कधी हिरवा, कधी काळा. नवशिक्या माणूस या सगळ्यांना एकजात कंडेन्सर म्हणून मोकळा होतो. तो अर्धवट बरोबरही असतो, कारण त्यांतली एक चकती खरोखरच कंडेन्सर असते. दुसरी मात्र वीजपुरवठ्यात उसळलेली लाट स्वतःच्या अंगावर घेण्यासाठी बसवलेली असते, आणि तिसरी बटण दाबताक्षणी आत घुसणारा प्रवाह थोपवून धरते.

अंगावरचे आकडे वाचून उलगडा होईल म्हणावं, तर तिथेही चकवा आहे. सिरॅमिक कंडेन्सरवर ४७१ छापलं असेल, तर त्याचा अर्थ ४७ आणि पुढे एक शून्य, म्हणजे ४७० पिकोफॅरड. लाट झेलणाऱ्या चकतीवरही ४७१ छापलेलं असतं आणि वाचायची रीतही तीच. पण तिथे ते ४७० व्होल्ट असतात. एकसारखी चकती, तोच आकडा, आणि मोजलेली गोष्टच निराळी! मग हे सुटे भाग ओळखायचे तरी कसे? जाणकार कारागीर चकतीकडे बघण्याआधी ती बोर्डावर कुठे बसली आहे, हे बघतो. त्या जागेचाच माग काढत गेलं, की एकेका चकतीच्या पोटातलं नवल बाहेर येतं.

घरातली २३० व्होल्टची वीज बोर्डावर शिरते, तिथून सुरुवात करू. सगळ्यांत आधी फ्यूज. त्याला ओलांडलं की लगेच, वीज आणणाऱ्या दोन तारांच्या मधोमध आडवी जोडलेली चकती दिसते. हा व्हॅरिस्टर. अंगावर बहुधा १४डी४७१के असं काहीसं लिहिलेलं असतं: १४ मिलिमीटर व्यास, ४७० व्होल्ट, आणि ‘के’ म्हणजे दहा टक्के मागेपुढे. एरवी तो दोन तारांमध्ये नुसता बसून असतो. त्याच्यातून वीज जवळजवळ जातच नाही. पण आसपास वीज कडाडली किंवा मोठी मोटर बंद झाली आणि व्होल्टेज उसळलं, की हाच पदार्थ डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी वाहक बनतो आणि उसळलेली ऊर्जा आपल्या अंगात जिरवतो.

हे जमतं कसं? आत झिंक ऑक्साइडची पूड असते, बिस्मथ ऑक्साइडसारख्या पदार्थांची चिमूट घालून भाजलेली. भाजताना झिंक ऑक्साइडचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात आणि प्रत्येक दोन कणांच्या सांध्यात विजेला अडवणारा एक बांध तयार होतो. असा एक बांध साधारण तीन व्होल्टला फुटतो. म्हणजे ४७० व्होल्टला जाग येणारी चकती हवी असेल, तर एका पृष्ठभागापासून दुसऱ्यापर्यंत असे सुमारे दीडशे सांधे ओळीने हवेत. चकती जितकी जाड, तितके सांधे जास्त आणि तितकं व्होल्टेज जास्त. व्यास जितका मोठा, तितकी मोठी लाट ती पेलू शकते. वर छापलेला तो ४७१ खरं तर आतल्या सांध्यांची मोजदादच आहे! जपानच्या मात्सुशिता कंपनीतले संशोधक मिचिओ मात्सुओका यांनी झिंक ऑक्साइडच्या या वागणुकीवरचा शोधनिबंध १९७१ साली प्रसिद्ध केला आणि पुढे ही चकती जगभरच्या उपकरणांत जाऊन बसली. प्रत्येक मोठ्या लाटेनं ती थोडी झिजते. शेवटी ती शॉर्ट झाली, तर अलीकडचा फ्यूज उडतो आणि पलीकडचं सगळं बचावतं. म्हणून फ्यूज आधी, व्हॅरिस्टर नंतर.

दुसरी चकती तिथून जवळच असते, पण ती दोन तारांच्या मधोमध नसून एकाच तारेच्या वाटेत बसलेली असते. सगळा प्रवाह तिच्यातूनच पुढे जातो. हा एनटीसी थर्मिस्टर. त्याच्यावर १०डी-९ असं लिहिलेलं असेल, तर थंड असताना रोध १० ओहम आणि व्यास ९ मिलिमीटर. त्याची गरज कळायला पुढचा मोठा नळकांड्यासारखा कंडेन्सर बघावा लागतो. २३० व्होल्टच्या एसी विजेचा शिखरबिंदू ३२५ व्होल्टच्या आसपास असतो आणि डायोडच्या ब्रिजमधून गेल्यावर हा कंडेन्सर जवळजवळ तितकाच भरतो. बटण दाबण्याच्या क्षणी तो रिकामा असतो, आणि रिकामा कंडेन्सर विजेला शॉर्ट सर्किटसारखाच वाटतो. मध्ये १० ओहम असले, तर पहिला लोंढा फार तर तीसेक अँपिअरवर अडतो. नसले, तर डायोडची खैर नाही.

पण तेच १० ओहम पुढे दिवसभर वाटेत राहिले, तर वीज फुकट उष्णतेत जाणार. इथे पदार्थाचा स्वभाव मदतीला येतो. मँगॅनीज, निकेल, कोबाल्ट यांची ऑक्साइडं भाजून केलेला हा तुकडा तापला, की त्याच्यात वीज वाहून नेणारे कण वाढतात आणि रोध उतरत जातो. पूर्ण प्रवाह वाहू लागला की तो एका ओहमच्याही खाली येतो. तारेतलं तांबं तापल्यावर विजेला जास्त अडवतं, हा तापल्यावर वाट मोकळी करतो. ना स्विच, ना टायमर, ना आयसी. म्हणूनच टीव्ही बंद करून लगेच चालू करणं बरं नाही. चकती अजून गरम असते आणि मोठा कंडेन्सर उतरलेला असेल, तर लोंढा थोपवायला कोणी नसतं.

तिसरी चकती शोधण्यासाठी बोर्डाच्या मध्यभागी यावं लागतं. तिथे एक पट्टा मोकळा सोडलेला असतो. तांब्याची एकही रेघ त्याला ओलांडत नाही. कधी पांढऱ्या शाईनं आखलेली रेषा असते, कधी बोर्डच कापून फट केलेली असते. दुरुस्ती करणारे अलीकडच्या भागाला हॉट साइड म्हणतात, पलीकडच्याला कोल्ड. एका बाजूला माणसाचा जीव घेऊ शकणारी वीज, दुसऱ्या बाजूला हात लावता येईल अशी. या दोन गावांमध्ये धातूची वाट नाही आणि तरीही व्यवहार अखंड चालू असतो. तो तिघांच्या हातून होतो.

पहिला ट्रान्सफॉर्मर, बहुधा पिवळ्या टेपमध्ये गुंडाळलेला. ऊर्जा तारेतून न जाता चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते. अलीकडचा ट्रान्झिस्टर सेकंदाला साठ-पासष्ट हजार वेळा उघडझाप करतो, म्हणून हा ट्रान्सफॉर्मर एवढासा पुरतो. घरच्या विजेच्या सेकंदाला ५० आवर्तनांवर तेच काम करायला किलोभर लोखंड लागलं असतं.

दुसरा, चार पायांचा चिमुकला ऑप्टोकपलर. त्यावर पीसी८१७ असं काही लिहिलेलं असतं. त्याच्या बंद पोटात एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा ट्रान्झिस्टर. कोल्ड साइडचं व्होल्टेज जरा वाढलं की एलईडी अधिक प्रखर होतो, समोरचा ट्रान्झिस्टर ते पाहतो आणि हॉट साइडचा आयसी हात आखडता घेतो. निरोप प्रकाशाच्या हाती जातो आणि मधलं अंतर ५,००० व्होल्टपर्यंत विजेला दाद देत नाही.

आणि तिसरा म्हणजे आपली निळी चकती: वाय कंडेन्सर. एक पाय हॉट साइडला, एक कोल्डला. ट्रान्झिस्टरच्या उघडझापीनं जो उच्च वारंवारतेचा गोंगाट पलीकडे झिरपतो, त्याला माघारी यायला ही वाट. त्यावर २२२ असेल, तर २,२०० पिकोफॅरड. ५० आवर्तनांच्या विजेला ही वाट फार अरुंद: २३० व्होल्टला जेमतेम ०.१६ मिलिअँपिअर. चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरून बोट फिरवताना कधीकधी जी मुंग्यांसारखी झिणझिण जाणवते, ती बहुधा या वाटेनं आलेली असते. ही चकती शॉर्ट झाली, तर मुख्य वीज थेट माणसापर्यंत पोचेल, म्हणून वाय१ दर्जाच्या कंडेन्सरला चाचणीत ८,००० व्होल्टचे झटके सोसावे लागतात. तिच्या जागी ‘तसाच दिसणारा’ साधा कंडेन्सर लावणं म्हणजे जिवाशी खेळ.

कोल्ड साइडला ऑप्टोकपलरच्या शेजारी तीन पायांचा, एका बाजूनं सपाट असा काळा तुकडा असतो. सगळे त्याला ट्रान्झिस्टर म्हणतील. पण या जागी तो बहुधा टीएल४३१ असतो: २.५ व्होल्ट म्हणजे नेमके किती, हे पक्कं ठाऊक असलेला आणि सगळ्या बोर्डाचं व्होल्टेज त्यावरून तोलणारा आयसी. इथेही बिंग फोडते ती जागाच.

तेव्हा अनोळखी भाग दिसला, की विचारपूस या क्रमानं करावी. आधी प्लग काढून मोठ्या कंडेन्सरवर मल्टिमीटर लावावा. वायर काढल्यानंतरही तो तीनशे व्होल्ट धरून बसलेला असू शकतो. मग बोर्डावर छापलेलं अक्षर: आर म्हणजे रेझिस्टर, सी कंडेन्सर, डी डायोड, क्यू ट्रान्झिस्टर, आरव्ही किंवा झेडएनआर असेल तर व्हॅरिस्टर, सीवाय असेल तर वाय कंडेन्सर. मग जागा: तारेच्या वाटेत की दोन तारांच्या मध्ये, पट्ट्याच्या अलीकडे की पलीकडे. मग अंगावरची खूण. १एन म्हणजे एक जंक्शन, अर्थात डायोड. २एन म्हणजे दोन जंक्शनं, अर्थात ट्रान्झिस्टर. युरोपी पद्धतीच्या बीसी५४७ मध्ये ‘बी’ सिलिकॉनचा. जुन्या एसी१२८ मधला ‘ए’ जर्मेनियमचा. एवढं कळल्यावर मीटरनं मोजायचं, कारण काय मोजायचं हे तोवर ठरलेलं असतं.

आधुनिक बोर्डांवर तर बारीक तपकिरी सिरॅमिक कंडेन्सरवर बहुधा काहीच छापलेलं नसतं, आणि काही रेझिस्टरवर नुसतं शून्य असतं. शून्य ओहमचा रेझिस्टर कशाला? एका रेघेला दुसरीवरून उडी मारायची असते, आणि भाग बसवणारं यंत्र तारेचा तुकडा वाकवत बसण्यापेक्षा रेझिस्टर सहज उचलतं, म्हणून. स्वतःचा गुण जवळजवळ काहीच नाही, पण काढून टाकला तर बोर्ड बंद. त्याला ओळखायचा एकच मार्ग उरतो: तो कोणत्या दोन ठिकाणांना जोडतो आहे, ते पाहणं.