पाळीव कासव, सरडे आणि बेडकांसाठी कॅल्शियम निवडताना

लाल कानाचे कासव दुकानातून घरी येते तेव्हा ते रुपयाच्या नाण्याहून थोडेच मोठे असते. काचेची पेटी, वीतभर पाणी आणि वाळलेल्या कोळंबीचा एक डबा एवढ्यावर त्याचा संसार सुरू होतो. नवजात पिल्लाचे कवच थोडे लवचिक असतेच. परंतु ते वाढत्या वयाबरोबर टणक होण्याऐवजी बोटाखाली दबू लागले, कडा वर वळू लागल्या आणि प्राण्याने खाणे सोडले, तर घरचे लोक हवामानाला दोष देतात. बहुतेक वेळा कारण आहारात आणि प्रकाशात असते. रक्तातील कॅल्शियम घटले की शरीर ते हाडांतून ओढून घेते. मग कासवाचे कवच मऊ पडते, सरड्याचा जबडा रबरासारखा होतो, पाय वाकतात आणि साध्या उडीनेही हाड मोडते.

उपाय म्हणून कॅल्शियमची भुकटी आणली जाते, आणि निवडीचा घोळ तेथूनच सुरू होतो. डब्यावर प्रथम पाहायचे ते फॉस्फरसचे प्रमाण. या प्राण्यांच्या आहारात कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे प्रमाण साधारण दोनास एक असावे लागते. झुरळे, रातकिडे, पिठातील अळ्या यांत ते नेमके उलटे असते. बिनकाट्याच्या मासळीत आणि मांसात तर फॉस्फरस कित्येक पटींनी जास्त. अशा वेळी कॅल्शियम फॉस्फेट असलेले पूरक देणे म्हणजे असंतुलनात भरच घालणे होय. कॅल्शियम कार्बोनेट हा सर्वांत सोयीचा पर्याय: त्यात शुद्ध कॅल्शियम सुमारे 40 टक्के असते. लॅक्टेटमध्ये ते 13 टक्क्यांच्या आसपास, तर ग्लुकोनेटमध्ये 9 टक्केच. ही द्रवरूप औषधे आजारी प्राण्यासाठी पशुवैद्य वापरतात. रोजच्या खाण्यावर भुरभुरायला कार्बोनेटच बरे.

दुसरा प्रश्न डी-3 जीवनसत्त्वाचा, आणि खरी गोम येथेच आहे. डी-3 नसेल तर पोटात गेलेले कॅल्शियम पुरेसे शोषले जात नाही. उन्हात शेकणारे प्राणी ते स्वतःच्या कातडीत, 290 ते 315 नॅनोमीटरच्या अतिनील किरणांच्या साहाय्याने तयार करतात. खिडकीची काच हे किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते, त्यामुळे खिडकीपाशी ठेवलेल्या पेटीत ऊन दिसते, पण उपयोगाचे नसते. त्यात कोकणपट्टीचा पावसाळा! जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले असताना अंगणातल्या उन्हाचाही भरवसा नाही. अतिनील-बी किरणांची खास नळी असेल तर ती उजेड देत असूनही सहा ते बारा महिन्यांत निकामी होऊ शकते. बदलण्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवावी.

अशी चांगली नळी किंवा थेट ऊन मिळणाऱ्या प्राण्याला नेहमी साधे कॅल्शियम आणि अधूनमधून डी-3 असलेले द्यावे. किरणांची सोय नसलेल्या निशाचर पालीला मात्र डी-3 असलेली भुकटी नियमित लागते. हिरव्या इग्वानाचे निराळे: तोंडावाटे दिलेले डी-3 त्याला फारसे लागू पडत नाही, त्याला प्रकाशच हवा. डी-3 चा अतिरेकही घातक, कारण जादा कॅल्शियम मूत्रपिंडात व रक्तवाहिन्यांत साचते. म्हणूनच माणसांसाठीच्या कॅल्शियमच्या गोळ्या कुटून घालण्याची पद्धत धोक्याची. पन्नास ग्रॅम वजनाच्या पालीला माणसाच्या गोळीचा तुकडा किती, हे अंदाजाने ठरवता येत नाही.

किनाऱ्यावरच्या घरांना एक उत्तम पूरक फुकटात मिळते, ते म्हणजे माणकीच्या जातीतल्या प्राण्याचा पाठीचा पांढरा, हलका फळा, अर्थात समुद्रफेस. तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचाच असतो. वाळूत सापडलेला समुद्रफेस गोड्या पाण्यात काही दिवस भिजवून, पाणी बदलत खारटपणा काढावा, उकळून उन्हात खडखडीत वाळवावा, पाठीची कडक पापडी सोलावी आणि तुकडा कासवाच्या पाण्यात सोडावा. कासव गरजेप्रमाणे कुरतडते. उकळून वाळवलेले अंड्याचे कवच वस्त्रगाळ केले तर तेही चालते. पानाला लावायचा चुना मात्र कधीही नको. तो दाहक आहे, तोंड व आतडे भाजून काढतो. शिंपल्यांच्या अशुद्ध भुकटीत शिसे असू शकते, म्हणून तीही टाळावी.

भुकटी पिठासारखी बारीक असावी. रवाळ भुकटी किड्यांच्या अंगावर टिकत नाही; शिवाय किडे स्वतःला स्वच्छ करतात, म्हणून पिशवीत हलवून माखलेले किडे लगेच खाऊ घालावेत. वाढत्या पिल्लांना जवळजवळ प्रत्येक खाण्याबरोबर, प्रौढांना आठवड्यातून दोन-तीनदा ती पुरते. पालेभाजी खाणाऱ्यांना पालकातील ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते. त्यापेक्षा शेवग्याचा पाला सरस. कासवाला काट्यासकट लहान मासळी अधूनमधून द्यावी, खारवलेली सुकी नव्हे.

बेडूक पाण्यात असतो म्हणून त्याला हे लागू नाही, असा समज आहे. बेडूक आपल्या कण्यालगतच्या चुन्याच्या पिशव्यांत कॅल्शियम साठवतो. तो साठा संपला की त्याचेही हाड वाकते. त्याला भुकटी किड्यांवरूनच द्यावी, पाण्यात मिसळून नव्हे. अ जीवनसत्त्व कमी पडले तर त्याची जीभ भक्ष्याला चिकटत नाही, म्हणून मिश्र जीवनसत्त्वांचा वेगळा डबाही लागतो. पावसाळी दमटपणात हे डबे लवकर खराब होतात; लहान आकाराचेच घ्यावेत आणि गुठळ्या झालेली भुकटी टाकून द्यावी.

हे सारे परदेशी पाळीव जातींपुरते. तारांकित कासव, घोरपड यांसारखे भारतीय प्राणी घरात ठेवणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. कोणाकडे असे कासव कवच मऊ पडलेल्या अवस्थेत असेल, तर ते कॅल्शियमच्या डब्याऐवजी वन खात्याकडे न्यावे. पाळीव प्राण्याला झटके येऊ लागले, मागचे पाय ओढले जाऊ लागले किंवा जबडा मऊ लागला, तर भुकटीचा काळ सरला असे समजून त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवावे.